शेवटची बस किती वाजता? : सुट्टीच्या बेटांचा कारभार पाहणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सुट्टीसाठी लोक जातात अशा बेटांवरील बंदरे, बससेवा, रस्ते आणि पर्यटन यांचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी यांस,

विषय : गाडीशिवाय बेट पाहू इच्छिणाऱ्या प्रवाशांची सोय

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मला गाडी चालवता येत नाही. शिकायचे राहून गेले आणि आता त्याची खंतही वाटेनाशी झाली आहे. तरी सुट्टी जमली की मी बेटांवर जाते, कारण बेटाला कड असते आणि पायी, बसने, सायकलने किंवा छोट्या बोटीने सावकाश पाहून होईल असा आटोपशीर प्रदेश दुसरीकडे सहसा सापडत नाही. मी पाहिलेल्या बेटांपैकी काही दुपारभरात चालून होतील एवढी लहान होती, तर काहींच्या मधोमध डोंगर उभे होते; काही ठिकाणी माझी उत्तम सोय झाली, काही ठिकाणी अगदीच आबाळ. हा फरक कशाने पडतो ते माझ्यापुरते मला उमगले आहे आणि तेवढे सांगण्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. बेटावरच्या मोटारी बंद करा, असे मी म्हणत नाही. जे तिथे बारा महिने राहतात त्यांना आजारी माणूस दवाखान्यात न्यायचा असतो, सिमेंटची पोती आणायची असतात, पावसात मुलांना शाळेत सोडायचे असते. त्यांनी कसे राहावे हे आठवडाभरासाठी आलेल्या पाहुणीने सांगू नये. माझे म्हणणे आहे ते गाडी न घेण्याच्या इराद्याने बोटीत बसणाऱ्या आणि धक्क्यावर उतरल्यावर अर्ध्या तासात गाडी घेऊन मोकळे होणाऱ्या पाहुण्यांबद्दल.

हे कसे घडते ते मी एकदा अगदी जवळून पाहिले. बेटाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्या जागी दुसरे नाव घातले तरी हकिगत तीच राहील. संध्याकाळची बोट वाऱ्यामुळे अकरा मिनिटे उशिरा धक्क्याला लागली. गावाकडे जाणारी शेवटची बस ठरल्या वेळी, म्हणजे आम्ही पोहोचण्याच्या जेमतेम चार मिनिटे आधी, सुटली होती; बोटीच्या फळीवरून उतरताना चढणीच्या वळणावर तिचे मागचे लाल दिवे आम्हा सगळ्यांना दिसले. चालकाची यात काही चूक नव्हती. त्याच्या वेळापत्रकात बोटीचा उल्लेखच नव्हता आणि बोटवाल्यांच्या वेळापत्रकात बसचा नव्हता. थांब्यावरच्या काचेमागचा कागद उन्हाने इतका विटला होता की रंगीत अक्षरे उडून नुसते काळे आकडे उरले होते आणि त्यांतल्या निम्म्या आकड्यांपुढे चांदणी होती. चांदणीचा अर्थ तळाशी छापलेला होता, पण तळ चौकटीच्या पट्टीखाली दडला होता. (तिचा अर्थ 'फक्त शाळेच्या दिवशी' असा होता, हे दुसऱ्या दिवशी कळले, आम्ही गेलो होतो ते अर्थातच शाळांच्या सुट्टीत.) टॅक्सी एकच होती, ती पहिल्या कुटुंबाने घेतली. बाकीच्यांसाठी धक्क्यावर उघडे असलेले एकच दार उरले, भाड्याच्या गाड्यांच्या कचेरीचे. तिथे दिवा लागला होता, पंखा फिरत होता आणि काउंटरमागची बाई हसून 'या' म्हणत होती. दोन मुलांना घेऊन आलेल्या एका जोडप्याने बोटीत मला सायकलवाटांचा नकाशा मोठ्या हौसेने उलगडून दाखवला होता. तेही त्या रांगेत जाऊन उभे राहिले. मी चाकांची बॅग ओढत साडेचार किलोमीटर चालले. पुढचे सहा दिवस त्या जोडप्याची पांढरी गाडी मला बेटभर दिसत राहिली. आठवड्याचे भाडे भरून झाल्यावर गाडी दारात उभी ठेवून सायकल चालवायला जाण्याइतके वैराग्य कोणाकडे असते?

मला जे सांगायचे आहे ते याच प्रसंगात आहे. गाडी घेण्याचा निर्णय रोज सकाळी होत नाही. तो आठवड्यातून एकदाच होतो, बहुधा धक्क्यावर, सामान हातात असताना, आणि तो झाला की त्या माणसाला दिवसभर दर पंधरा मिनिटांनी धावणाऱ्या बसचाही काही उपयोग राहत नाही. वर्षाकाठी किती फेऱ्या झाल्या, किती नव्या बस घेतल्या, याचे आकडे आपल्या अहवालांत असतात. पण बेटावर येणारा माणूस मनात दोनच प्रश्न घेऊन आलेला असतो. बोटीतून उतरल्यावर मी मुक्कामी कसा पोहोचणार, आणि रात्री उशीर झाला तर परत कसा येणार. या दोन प्रश्नांची खात्रीची उत्तरे धक्क्यावरच मिळाली तर मधल्या वेळेचे तो आपले आपण पाहून घेतो.

यातले पहिले उत्तर देणे अवघड नाही, हे दाखवणारी बेटे आहेत. जर्मनीच्या उत्तर समुद्रातील लांगेओग या बेटावर पाहुण्यांच्या मोटारी जातच नाहीत. त्या मुख्य भूमीवर बेन्सरझीलच्या बंदराजवळ ठेवाव्या लागतात. बोट बेटाच्या बंदराला लागते तेव्हा समोर रंगीत डब्यांची छोटी रेल्वे उभी असते, ती काही मिनिटांत गावात सोडते आणि तिचे भाडे बोटीच्या तिकिटातच धरलेले असते. म्हणजे प्रवाशाला निर्णय घेण्याची वेळच येत नाही. जवळच्या युइस्ट बेटाची अडचण याहून मोठी आहे : तिथली बोट भरती-ओहोटीवर चालते, त्यामुळे तिच्या सुटण्याच्या वेळा रोज बदलतात. तरीही वेळा आधी छापल्या जातात, लोक त्या पाहून घरून निघतात आणि हातगाडीवर सामान घालून गावात चालत जातात. वेळ रोज बदलली तरी लोकांची तक्रार नसते. ती आधी कळली नाही की मात्र माणूस चिडतो.

उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर बेटाबेटांमधल्या बोटी आणि गावोगावच्या निळ्या बस एकाच सार्वजनिक संस्थेच्या अखत्यारीत आहेत. मला ही गोष्ट तिकिटाच्या कोणत्याही सवलतीपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण बोट आणि बस यांचे मालक वेगळे असले की उशिराची जबाबदारी कोणाचीच नसते. प्रत्येक बेटाला अशी एकच संस्था उभारणे जमेल असे नाही, पण बोट कंपनीशी करार करताना आणि बस कंपनीला परवाना देताना दोन्ही कागदांवर सही करणारे आपणच असता. 'शेवटची बस शेवटची बोट आल्याशिवाय सुटणार नाही', एवढे एक कलम दोन्हींत घालायला नवे खाते काढावे लागत नाही.

इंग्लंडच्या दक्षिणेकडील आयल ऑफ वाइट बेटावर बोट आणि आगगाडी यांची ही गाठ कशी सुटते आणि ती पुन्हा बांधायला किती वेळ लागतो, हे दोन्ही पाहायला मिळते. तिथल्या राइड गावासमोर ओहोटीला पाणी फार दूर जाते आणि मैदानासारखी वाळू उघडी पडते. धक्का बांधण्यापूर्वी प्रवाशांना हमालांच्या पाठीवरून किंवा गाड्यांमधून ओल्या वाळूवरून किनाऱ्यावर आणावे लागे. म्हणून १८१४ मध्ये समुद्रात लांबवर जाणारा लाकडी धक्का बांधला गेला, पुढे १८८० मध्ये त्याच्या शेजारून रेल्वे थेट धक्क्याच्या टोकापर्यंत नेली, आणि आजही बोटीतून उतरलेला माणूस काही पावलांवर आगगाडीत बसतो. त्या मार्गावरच्या बोगद्याची उंची कमी असल्याने लंडनच्या भुयारी रेल्वेचे जुने बुटके डबे तिथे कित्येक वर्षे धावत होते. १९३८ च्या बनावटीचे डबे तर २०२१ च्या जानेवारीपर्यंत. लोक ते डबे पाहायला गर्दी करत, पण माझ्या दृष्टीने खरी कथा त्यांच्या वेळापत्रकात आहे. एकेरी मार्गावर समोरासमोरच्या गाड्या एकमेकींना ओलांडतील अशा जागा गैरसोयीच्या ठिकाणी उरल्या होत्या, त्यामुळे दोन गाड्यांमध्ये एकदा वीस मिनिटांचे आणि एकदा चाळीस मिनिटांचे अंतर पडे आणि ठरावीक अंतराने येणाऱ्या बोटींशी त्यांचा मेळ बसत नसे. अखेर २०२१ मध्ये मार्गाची दुरुस्ती झाली तेव्हा ब्रेडिंग स्थानकात पूर्वी काढून टाकलेला दुसरा रूळ पुन्हा घातला गेला, तो दर अर्ध्या तासाला गाडी सोडता यावी म्हणून. उतारूंना नवे डबे दिसले, रंग दिसला. तो रूळ कोणाच्या लक्षात येण्याचे कारण नव्हते. आपल्या बेटावर असा रूळ कुठे घालायचा राहिला आहे, हे शोधणे आपले काम आहे, असे मी आदरपूर्वक सुचवते.

दुसरा प्रश्न परतीचा. सुट्टीच्या बेटांवरची बससेवा बहुतेक करून तिथल्या शाळा आणि कचेऱ्या डोळ्यांसमोर ठेवून आखलेली असते, आणि ते योग्यही आहे. पण उन्हाळ्यात सूर्य रात्री साडेआठला मावळत असताना शेवटची बस पावणेसहाला सुटत असेल, तर पाहुण्याने सूर्यास्त पाहायचा की बस पकडायची? त्या पावणेसहाच्या बसच्या भीतीने माणूस दुपारी तीनलाच घड्याळ पाहू लागतो, चारला किनारा सोडतो आणि दुसऱ्या दिवशी गाडीची चौकशी करतो. रात्री उशिराची एक फेरी रिकामी धावते, तोट्यात जाते, म्हणून ती बंद केली, असे उत्तर मला एकदा एका कचेरीत मिळाले होते. त्या फेरीत किती जण बसले एवढेच मोजून तिचे मोल कळणार नाही, असे मी तेव्हा म्हणाले होते आणि अजूनही म्हणते. ती फेरी आहे या भरवशावर ज्यांनी दुपारची बस घेतली, रात्रीचे जेवण आटोपते घेऊन लवकर निघाले आणि गाडी घेतलीच नाही, ते सगळे त्याच फेरीचे प्रवासी आहेत, मग ते तिच्यात बसोत वा न बसोत.

शिवाय ती बस माझ्यासारख्यांपेक्षा दुसऱ्या कोणाला अधिक लागते. हॉटेलच्या भटारखान्यात भांडी घासणारा मुलगा, खोल्या आवरणारी बाई, रात्री अकराला काउंटर बंद करणारा कारकून, हे सगळे घरभाडे परवडत नाही म्हणून किनाऱ्यापासून दूर, आतल्या गावांत राहतात आणि त्यांची पाळी शेवटची बस गेल्यानंतर सुटते. एका बेटावर मी मुक्कामाच्या जागेबाहेर रोज रात्री सव्वाअकराला चार-पाच जणांना एका जुन्या गाडीत दाटीवाटीने बसताना पाहत असे. त्यांतला एकटा गाडीवाला होता आणि त्याची पाळी बदलली की बाकीच्यांची पंचाईत होई. पाहुण्यांसाठी बस हवी असे म्हटले की पैसा परक्यांवर का खर्च करायचा, असा प्रश्न सभेत उठतो, हे मला ठाऊक आहे. त्या सभेत कृपया या चार-पाच जणांनाही बोलवावे.

केवळ भाडे माफ केल्याने हा प्रश्न सुटत नाही, असे माझे मत आहे. माल्टाने ऑक्टोबर २०२२ पासून तिथल्या रहिवाशांना वैयक्तिक कार्डावर बसप्रवास विनामूल्य केला. ते पाऊल स्तुत्यच आहे, पण साडेपाच लाखांच्या आसपास वस्तीच्या त्या देशात नोंदलेली वाहने चार लाखांहून अधिक आहेत आणि बस त्याच वाहनांच्या गर्दीत अडकून उभी राहते. फुकट बस वेळेवर येत नसेल तर तिच्यासाठी थांबणाऱ्याचा वेळ तरी जातोच. त्याच देशातल्या गोझो बेटाकडे जाणाऱ्या मोठ्या बोटीची एक पद्धत मात्र मला फार आवडली : जाताना तिकीट मागत नाहीत, पैसे परतीच्या वेळी घेतात. गेलेला माणूस परत येणारच, हा हिशोब बेटालाच सुचू शकतो.

आता थोडे चालण्याविषयी, कारण गाडीवाल्यांना आमची कीव येते ती इथे चुकीची ठरते. गाडी घेऊन गेलेल्या माणसाला गाडी जिथे लावली तिथेच परत यावे लागते. डोंगर उतरून पलीकडच्या खाडीपर्यंत जाणारी वाट त्याला मोहात पाडते, पण गाडी अलीकडे उभी असल्याने तो अर्ध्यातून मागे फिरतो आणि आलेली वाट उलटी तुडवतो. बसने आलेल्याला हे बंधन नाही. तो एका गावात उतरतो, डोंगर ओलांडतो आणि दुसऱ्या गावात बस धरतो. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर डोंगराच्या कडेकडेने पाणी नेणारे लेवाडा नावाचे अरुंद पाट आहेत आणि पाटांच्या देखभालीसाठी ठेवलेल्या पायवाटांवरून आज जगभरचे लोक चालतात. पाण्याला गोल फिरून उगमाकडे परत यायचे नसते, त्यामुळे या वाटाही एका दरीतून निघून दुसरीकडे जातात. अशा वाटेच्या दोन्ही टोकांना बस असली की तिची गोडी दुपटीने वाढते, आणि एका टोकाला नसली की तीच वाट अर्धी चालून सोडावी लागते.

दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावर ही गोष्ट हेरून काम झाले आहे. सुह म्यंग-सुक या माजी पत्रकार स्पेनमधली सांतियागोची यात्रावाट चालून आल्या आणि २००७ मध्ये त्यांनी आपल्या जन्मबेटावर ओल्ले वाटांची सुरुवात केली. रस्त्यापासून घराच्या दारापर्यंत येणाऱ्या बोळाला जेजूच्या बोलीत ओल्ले म्हणतात. आज चारशे किलोमीटरहून लांब असलेल्या या वाटा दिवसभरात चालून होतील अशा टप्प्यांत विभागल्या आहेत. फांद्यांना बांधलेल्या निळ्या आणि केशरी फिती वाट दाखवतात. निळा बाण पुढच्या दिशेचा, केशरी उलट दिशेचा. एका टप्प्याचे टोक हीच बहुधा दुसऱ्याची सुरुवात असते, त्यामुळे चालणाऱ्याला गाडीकडे परत जाण्याचा प्रश्नच पडत नाही. यासाठी ना पूल बांधावे लागले ना बोगदे. खर्च झाला तो बहुतांशी चालण्याचा, फितींचा आणि गावकऱ्यांशी बोलण्याचा.

सायकलीचेही असेच आहे. जपानमध्ये ओनोमिची आणि इमाबारी या शहरांना सहा बेटांवरून जोडणारा शिमानामी काइदो हा सुमारे ७० किलोमीटरचा सायकलमार्ग आहे, १९९९ मध्ये पूर्ण झालेल्या पुलांवरून जाणारा. रस्त्याच्या कडेने निळी रेघ ओढलेली आहे, ती धरून जावे. मला तिथली खरी सोय वाटली ती अशी की भाड्याची सायकल घेतली तिथेच परत करावी लागत नाही. वाटेतल्या दुसऱ्या ठरलेल्या केंद्रावर ती सोडता येते. पाय दुखले, पाऊस आला, मूल रडू लागले, तर सायकल देऊन टाकावी आणि बस किंवा बोट धरावी. ही मुभा असली की न सरावलेला माणूसही सायकल घ्यायला धजावतो. आपल्या बेटावर सायकलींची पाच दुकाने असतील. त्यांनी एकमेकांच्या सायकली परत घेण्याचे ठरवावे म्हणून त्यांना एकदा एका टेबलाभोवती बसवणे, हे नवा सायकलमार्ग बांधण्याआधीचे आणि पुष्कळ स्वस्त काम आहे.

मोटारी नसलेल्या बेटांचे गोडवे मीही गाते, पण थोडे जपून. अमेरिकेतल्या मॅकिनॉ बेटाने १८९८ मध्ये गावात मोटारींना बंदी केली, ती हवा शुद्ध राहावी म्हणून नव्हे. मोटारींच्या आवाजाने घोडे बुजत होते. ती बंदी टिकली आणि बेटाला वळसा घालणारा सुमारे १३ किलोमीटरचा राज्य महामार्ग आज सायकली, घोडे आणि पायी चालणारे यांच्यासाठीच आहे. अटलांटिकमधल्या बर्म्युडा बेटांवर १९०८ मध्ये मोटारींवर बंदी आली, तेव्हा मोटारींविरुद्धच्या अर्जावर सुट्टीला तिथे आलेले लेखक मार्क ट्वेन आणि पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन यांच्या सह्या होत्या. म्हणजे पाहुण्यांनी बेटाच्या कारभाऱ्यांना पत्र लिहिण्याची प्रथा माझ्यापासून सुरू झालेली नाही. मोटारी नकोत म्हणून तिथे १९३१ मध्ये रेल्वे आली, १९४६ मध्ये मोटारींना परवानगी मिळाली आणि १९४८ मध्ये रेल्वे बंद पडली. तिच्या मार्गावर आज पायवाट आहे. या तीन सालांमध्ये फार मोठे अंतर नाही, हे ध्यानात घ्यावे. आजही पाहुण्याला तिथे नेहमीची मोटार भाड्याने मिळत नाही, विजेवर चालणारी छोटी वाहने मिळतात. पण म्हणूनच बस आणि बोट दोन्हींना चालणारा एकच पासही मिळतो. बंदी आणि सोय अशी बरोबरीने आली तर पाहुणा कुरकुरत नाही.

आणि मोटारीऐवजी जनावर हे उत्तर मला पटत नाही. ग्रीसमधल्या हायड्रा बेटावर खेचरे सामान वाहतात, ते दृश्य छायाचित्रात सुंदर दिसते. पण सँटोरिनीच्या पायऱ्यांवर धष्टपुष्ट पाहुण्यांना उन्हात वर नेणाऱ्या गाढवांकडे पाहून अखेर २०१८ मध्ये ग्रीक सरकारला त्यांच्या पाठीवरच्या ओझ्याची मर्यादा ठरवावी लागली : शंभर किलो किंवा जनावराच्या वजनाचा पाचवा हिस्सा. इस्तंबूलजवळच्या प्रिन्सेस बेटांवरच्या घोडागाड्या २०२० मध्ये बंद होऊन त्यांच्या जागी विजेची वाहने आली. ती गाड्यांइतकी देखणी नाहीत, याचे मला मुळीच वाईट वाटत नाही.

अलीकडे काही बेटांनी उन्हाळ्यात येणाऱ्या वाहनांची संख्याच ठरवून टाकली आहे. स्पेनच्या फॉर्मेन्तेराने २०१९ पासून आणि शेजारच्या इबिझाने २०२५ पासून अशी मर्यादा घातली. अरुंद रस्ते आणि किनाऱ्यापाशी जागा मिळेल तिथे घुसवलेल्या गाड्या पाहिल्या की हे का करावे लागले ते समजते. पण जो गाडी आणू शकत नाही त्याच्यासाठी बस वाढली नाही, तर मर्यादेचा अर्थ एवढाच होतो की ज्याने आधी नोंदणी केली किंवा जास्त पैसे मोजले त्याला बेट खुले आणि बाकीच्यांना अर्धे बंद. भाड्याच्या गाड्यांवर सगळी भिस्त ठेवली की काय होते ते हवाई बेटांनी २०२१ मध्ये पाहिले : महामारीच्या काळात कंपन्यांनी गाड्या विकून टाकल्या होत्या, पाहुणे परत आले तेव्हा गाड्या पुरेनात आणि काही जण घरसामान वाहून नेण्याचे ट्रक भाड्याने घेऊन किनाऱ्यावर पोहायला गेले.

माहितीबद्दल थोडक्यात लिहिते, कारण या बाबतीत खर्चाची सबब चालणार नाही. बसचे वेळापत्रक कागदाचा फोटो काढून संकेतस्थळावर टाकणे म्हणजे ते प्रसिद्ध करणे नव्हे. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या वाहतूक संस्थेने २००५ मध्ये गूगलबरोबर वेळापत्रकांसाठी जो नमुना तयार केला, तो आज जीटीएफएस या नावाने जगभर चालतो. त्या नमुन्यात आपले वेळापत्रक दिले की पाहुण्याच्या फोनमधला नकाशा घरबसल्या सांगतो, कोणत्या बोटीनंतर कोणती बस. ते दिलेले नसेल तर तोच नकाशा त्याला फक्त गाडीचा रस्ता दाखवतो आणि त्याची समजूत होते की बेटावर बसच नाही. आणि ज्यांच्या फोनची बॅटरी संपलेली असते त्यांच्यासाठी बर्म्युडाची युक्ती आहे : बसथांब्याचा खांब गुलाबी असेल तर बस हॅमिल्टन शहराकडे जाणार, निळा असेल तर हॅमिल्टनपासून दूर. भाषा येवो न येवो, वर्तमानपत्राएवढा कागद वाचण्याची गरज नाही. रंग पाहून रस्त्याच्या कोणत्या बाजूला उभे राहायचे ते कळते. रंगाचे दोन डबे प्रत्येक बेटाला परवडतात.

एक गोष्ट राहून जाऊ नये. चालणे, सायकल, डोंगरवाटा यांविषयी मी उत्साहाने लिहिले, पण ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत, जे चाकांच्या खुर्चीत आहेत, ज्यांच्या कडेवर बाळ आणि हातात बाबागाडी आहे, त्यांच्यापैकीही पुष्कळांना गाडी चालवता येत नाही आणि अनेकांना परवडत नाही. त्यांच्यासाठी बसचा मजला थांब्याच्या उंचीला आला पाहिजे, थांब्यावर सावली आणि टेकायला बाक पाहिजे आणि बसमध्ये बॅगा ठेवायला जागा पाहिजे. मोठी बॅग घेऊन चढू न देणारी बस जर धक्क्यावरून सुटत असेल, तर ती नेमकी कोणासाठी सोडली आहे, हे एकदा ठरवायला हवे. जिथे मोठी बस भरणार नाही अशा वाड्यांसाठी नेदरलँड्समधल्या टेक्सेल बेटाचा मार्ग पाहावा : तिथे आधी नोंदणी करून ठरावीक थांब्यावर छोटी गाडी बोलावता येते आणि ती वेळापत्रकावर नव्हे, मागणीवर धावते. रिकामी बस फिरवण्यापेक्षा हे बरे आणि काहीच नसण्यापेक्षा तर फारच बरे.

माझी विनंती अशी आहे की पुढच्या मोसमाची आखणी करायला बसाल तेव्हा आपल्यापैकी एकाने, शक्य तर बस आणि बोट यांच्या करारांवर सही करणाऱ्यानेच, आपली गाडी मुख्य भूमीवर ठेवून संध्याकाळच्या शेवटच्या बोटीने, एक जड बॅग घेऊन, कोणालाही आधी न कळवता आपल्याच बेटावर यावे आणि मुक्कामी पोहोचून दाखवावे. दुसऱ्या दिवशी बेटाच्या पलीकडच्या टोकाला जाऊन सूर्यास्त पाहावा आणि परत यावे. वाटेत जे जे अडेल ते एका कागदावर लिहावे. तो कागद बैठकीच्या टेबलावर ठेवल्यावर इतर कोणत्याही अहवालाची आधी गरज पडणार नाही असे मला वाटते. आणि तोपर्यंत निदान धक्क्यावर, बोटीतून उतरणाऱ्याला फळीवरूनच दिसेल एवढ्या मोठ्या अक्षरांत, आज शेवटची बस किती वाजता आहे ते लिहून ठेवावे.

मी पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येणार आहे, संध्याकाळच्याच बोटीने.

आपली विश्वासू,
गाडी न चालवणारी एक प्रवासी